कठड्यावर चढलेल्या मुलाचा हात धरायचा की सोडायचा?

पत्र

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रस्त्याने जाताना दिसेल त्या बुटक्या कठड्यावर चढतो, फरशीच्या रेघांवरूनच चालतो, सोफ्याच्या हातावर उभा राहतो. मी सतत त्याचा हात धरून 'पडशील, पडशील' म्हणत असते. त्याची आजी तर त्याला चढूच देत नाही. बालवाडीतही तेच. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चाला, गादीवर लोळा, बेडूकउड्या मारा, 'स्टॅच्यू' खेळा. पालकसभेत विचारलं तर बाई म्हणाल्या, 'यातून मुलं खूप शिकतात.' काय शिकतात ते काही मला नीट कळलं नाही. दुसऱ्या शाळेतली त्याच्या वयाची मुलं अक्षरं गिरवतायत. त्यात शेजारची त्याच्याच वयाची मुलगी छान लंगडी घालते आणि हा एका पायावर दोन-तीन सेकंदांतच डगमगतो. माझ्या मुलात काही कमी आहे का? त्याला जिमनॅस्टिक्सच्या क्लासला घालू का? बाजूला छोटी चाकं लावलेली सायकल घेतलीय, ती चाकं कधी काढायची? आणि या सगळ्या उड्यांमधून खरंच काही शिकणं होतं का?

– गोंधळलेली आई

उत्तर

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्यातला झोप उडवणारा आधी सोडवू. साडेचार वर्षांचं मूल एका पायावर दोन-तीन सेकंद टिकलं आणि मग डगमगलं, यात काळजी करण्यासारखं काही नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला मुलं क्षणभर एक पाय उचलू लागतात, चौथ्यात दोन-चार सेकंद टिकतात, पाचव्याच्या मागेपुढे बरीच मुलं १० सेकंदांच्या घरात जातात. लंगडी याच टप्प्यात येते, कुणाला आधी, कुणाला सहा-आठ महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये निरोगी बाळांच्या हालचालींच्या टप्प्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. सगळं व्यवस्थित असलेल्या दोन बाळांतही नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं ते असं. तेव्हा शेजारच्या मुलीच्या लंगडीचं मनापासून कौतुक करा आणि तो विषय तिथेच सोडा.

आता कठडा. पुढच्या वेळी तो चढला की हात धरण्याआधी त्याच्याकडे जरा नीट बघा. चढल्यावर तो आधी थांबतो. दोन्ही हात पंखांसारखे बाजूला जातात. पहिलं पाऊल टाकण्यापूर्वी पुढच्या पायाचा अंगठा कठडा चाचपून बघतो. मान खाली, नजर पायांवर, ओठ आवळलेले. पाऊल पडतं, घोटा आत-बाहेर थरथरतो, आणि मग कंबर एकदम उलट्या बाजूला झुकते, हवी त्याहून जास्तच. ते निस्तरायला एक हात वर उडतो. पुन्हा थांबणं. पुढचं पाऊल. अशा वेळी त्याला 'आज कोणाशी खेळलास?' असं विचारून बघा. बहुतेक वेळा तो जागच्या जागी थांबेल, उत्तर देईल आणि मगच पुढे निघेल. चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम करायला त्याच्याकडे अजून तेवढं लक्ष शिल्लक नसतं, इतकं ते चालणं त्याला गुंतवून ठेवतं.

या प्रत्येक पावलाला मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातमी येत असते. पहिलं ठिकाण कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून. तिथे प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यांतला द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि त्यावरून डोकं कुठे फिरलं ते कळतं. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. डोकं कललं की ते आपल्या वजनाने सरकतात आणि खाली कुठे, वर कुठे हे मेंदूला समजतं. दुसरी बातमी स्नायू, सांधे आणि तळपायाच्या कातडीकडून येते: कुठला स्नायू किती ताणलाय, सांधा किती वाकलाय, पायाच्या कुठल्या भागावर जास्त भार आहे. डोळे मिटूनही आपलं बोट नाकाला बरोबर लागतं ते यातल्या स्नायू-सांध्यांच्या बातमीमुळेच. तिसरी बातमी डोळ्यांची. या तिघांचा मेळ घालण्यात डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. आकाराने तो अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी एकट्या त्याच्यात असतात.

गंमत अशी की अगदी लहान मुलं या तिघांपैकी डोळ्यांवर फार विसंबतात. डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन या संशोधकांनी १९७४ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोली अशी की जमीन स्थिर, भिंती मात्र सरकणाऱ्या. नुकतंच उभं राहू लागलेलं मूल आत उभं करायचं आणि समोरची भिंत हळूच त्याच्याकडे सरकवायची. मूल जागचं हललेलं नाही, पाय आणि कान तसं सांगतायत, तरी डोळ्यांना वाटतं की आपण पुढे झुकतोय. ते सावरायला मूल मागे रेलतं आणि बऱ्याचदा बसकण मारतं. मोठा माणूस अशा वेळी थोडा डुलेल, पडणार नाही, कारण कोणाचं ऐकायचं हे त्याच्या मेंदूला ठाऊक असतं.

हे 'कोणाचं ऐकायचं' ठरवण्याची शिकवणी तुमच्या मुलाच्या वयात ऐन रंगात असते. अ‍ॅन शमवे-कुक आणि मार्जोरी वूलकॉट यांनी १९८५ मध्ये मुलांना हलत्या फळीवर उभं करून त्यांचे स्नायू कसा प्रतिसाद देतात ते मोजलं. सात ते दहा वर्षांच्या मुलांचा प्रतिसाद मोठ्यांसारखा होता. चार ते सहा वर्षांच्या मुलांचा मात्र सावकाश आणि दर वेळी वेगळा, त्यांच्याहून लहान मुलांपेक्षाही विस्कळीत. जुनी पद्धत सुटतेय आणि नवी अजून अंगात मुरलेली नाही, असा हा काळ. तुमचा मुलगा नेमका त्याच्या मध्यावर उभा आहे, तोही एका पायावर. डगमगणारच.

आणि डगमगण्याचं इतकं वावडं कशाला? आपण मोठी माणसं स्तब्ध उभी असतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर घोट्यांतून सारखी पुढे-मागे डुलत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू आपल्या नकळत ते डुलणं आवरत असतात. तोल सांभाळणं ही अशी अखंड चाललेली दुरुस्ती आहे. आपली दुरुस्ती वेळेत आणि बेताची होते. मुलाची उशिरा होते आणि गरजेपेक्षा मोठी होते. त्यात शरीराच्या मानाने डोकं मोठं, म्हणजे भार वरच्या अंगाला. ही दुरुस्ती सुधारायची असेल तर तोल थोडा जायलाच हवा, आणि तो परत आणायचं काम त्याच्याच घोट्यांनी, कमरेने, हातांनी करायला हवं. एकदा-दोनदा नाही, हजारो वेळा.

तुम्ही हात धरता तेव्हा हीच पायरी गळते. कल्पना करा: तुमचा हात वर, त्याचा हात डोक्याच्याही वर ताणलेला. त्याचा काही भार तुमच्या खांद्यावर लटकतोय. तोल जायला लागला की त्याच्या पायाला पत्ता लागण्याआधी तुम्ही त्याला वर खेचलेलं असतं. कठडा संपतो, तो उडी मारून उतरतो, खूश असतो, पण त्या कठड्यावर तोल तुम्ही सांभाळलात. दुसरी गोष्ट सुरक्षिततेचीच आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात असा वरून झटक्याने ओढला गेला की कोपरातलं एक हाड आपल्या बंधातून किंचित निसटू शकतं. डॉक्टर ते पटकन बसवतात, पण तोवर मूल हात हलवू देत नाही आणि घरात रडारड. पडू नये म्हणून धरलेल्या हाताने दवाखाना दाखवायचा, हे काही बरं नाही.

मग एकदम सोडून द्यायचं का? नाही. त्याला तुमचं एक बोट द्या. त्याच्या छातीच्या उंचीला, कडेला स्थिर धरलेलं. तुम्ही त्याला धरायचं नाही, वाटलं तर त्याने धरायचं, नाहीतर नुसतं टेकवायचं. हे काही मनाचं समाधान नव्हे. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं की बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला अगदी हलकं टेकवलं, आधार म्हणता येणार नाही इतकं हलकं, तरी शरीराचं डुलणं स्पष्टपणे कमी होतं. बोट भार पेलत नाही, फक्त आपण कुठे कलतोय याची आणखी एक बातमी देतं. मुलाला नेमकं एवढंच पुरवायचंय. काही दिवसांनी तो बोट कधी सोडतो ते तुमच्याही लक्षात येणार नाही.

सायकलीचं उत्तर यातच आहे. बाजूच्या चाकांवर मूल पेडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही, कारण ती चाकं सायकलीला कलूच देत नाहीत. दोन चाकांवर टिकायचं ते सायकल ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला हँडल किंचित वळवून, आणि हे कळायला ती आधी कलावी लागते. छोटी चाकं आजच काढा, जमल्यास पेडलही काढून ठेवा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि त्याला पायांनी ढकलत फिरू द्या. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल द्राइस यांनी रस्त्यावर आणलेली पहिली दुचाकी अशीच बिनपेडलची होती, बसणारा पायांनी ढकलत जायचा. पाय उचलून तो लांबवर घरंगळत जायला लागला की पेडल परत लावा. पेडल मारण्यात त्यामानाने फारसं काही नाही.

'पडशील'बद्दल थोडं. या शब्दातून मुलाला उपयोगी अशी एकही माहिती मिळत नाही. कुठे पडेन, का पडेन, काय केलं तर पडणार नाही, काहीच नाही. मात्र तुमच्या आवाजाकडे त्याचं लक्ष जातं, म्हणजे नेमक्या क्षणी पायांवरून उडतं. बहुतेक वेळा गप्प राहणं उत्तम. बोलायचंच तर कामाचं बोला: 'पुढची फरशी हलतेय बघ', 'इथे ओलं आहे', 'उतरायचं कुठून ठरवलंयस?' हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. चढताना उतरण्याचा विचार करणं हे मोठ्यांनाही नेहमी जमत नाही.

या प्रश्नापाशी आलं की बाईंच्या 'खूप शिकतात' या वाक्याचा अर्थ उलगडतो. माझ्या मते अशा खेळांतून मूल सगळ्यात मोठी गोष्ट शिकतं ती म्हणजे अंदाज: हे मला जमेल का, आत्ता, या अंगाने, या जागेवर? हा अंदाज जन्मजात येत नाही आणि सांगूनही येत नाही. कॅरन अ‍ॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाळांच्या हालचालींचा अभ्यास करतात. त्यांनी रांगणाऱ्या बाळांना उतरत्या फळ्यांवर सोडलं, खाली झेलायला माणूस ठेवून. नव्याने रांगणारी बाळं खडा उतार असला तरी बेधडक निघायची आणि गडगडायची. काही आठवडे रांगून झालेली बाळं मात्र काठावर थांबून, हाताने चाचपून, नको त्या उताराला नकार द्यायची. छान, शिकली म्हणावं, तर हीच बाळं चालायला लागल्यावर पुन्हा त्याच उतारांवरून सरळ पुढे! रांगताना कमावलेला शहाणपणा उभं राहिल्यावर कामी आला नाही. बाळांना 'उतार धोक्याचा' एवढंच कळलं असतं तर असं झालं नसतं. ती शिकली होती ते 'चार पायांवर असताना मला कुठवर जमतं' हे. दोन पायांवर आल्यावर हिशेब नव्याने मांडायचा.

आणि तो मांडताना पडणं किती असतं? अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तुमचाही मुलगा तेव्हा असाच पडत होता, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. साडेचार वर्षांचा झाल्यावर त्याचं अंग पुन्हा बदललंय, पाय लांब झालेत, डोकं त्यामानाने लहान झालंय, त्याला वेग हवाय, उंची हवीय. अंदाज परत जुळवायचे आहेत. म्हणूनच एकाच पट्टीवर रोज सरळ चालायला लावण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीचे, रुंदीचे, मऊ-कडक, सपाट-उतरते पृष्ठभाग मिळणं जास्त मोलाचं.

आजींना कसं समजवायचं? त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. त्या वयात पडणं म्हणजे हाड मोडणं, महिनोन्महिने अंथरूण. त्या पडण्याचं माप स्वतःच्या अंगावरून काढतात आणि त्यांच्यापुरतं ते अगदी बरोबर आहे. नातवाचं वजन त्यांच्या पाव आहे आणि डोकं जमिनीच्या बरंच जवळ. त्याच घसरण्याचा फटका त्याला कितीतरी कमी बसतो. हे त्यांना सांगा आणि कुठे चढायचं नाही याचे नियम त्यांच्याबरोबर बसून ठरवा, म्हणजे पहारा त्यांच्याकडे आणि तक्रार कोणाचीच नाही. माझे नियम असे: बाल्कनी, गच्ची, जिना यांचा कठडा कधीही नाही, हात धरूनही नाही. पलीकडे वाहनं, पाणी किंवा खोल जागा असेल तर नाही. उंची साधारण त्याच्या कमरेपर्यंत, सुरुवातीला गुडघ्यापर्यंतच. खाली टोकदार काही नको, माती-गवत असेल तर सोन्याहून पिवळं. पायांत गुळगुळीत मोजे नकोत, अनवाणी उत्तम. आणि जिथे तो स्वतःहून चढू शकत नाही तिथे उचलून ठेवायचं नाही. चढता येणं हीच पहिली परीक्षा असते, ती आपण त्याच्या वतीने द्यायची नाही.

आता अक्षरं. इथे मी जपून बोलणार आहे, कारण या विषयावर भोंगळ दावे फार फिरतात. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावला की मेंदूचे दोन्ही भाग 'जोडले जातात', पट्टीवर चाललं की गणित सुधारतं, वगैरे. मेंदूचे दोन्ही अर्धगोल आधीपासूनच कोट्यवधी चेतातंतूंनी जोडलेले असतात, त्यासाठी गुडघ्याची वाट बघावी लागत नाही. तोल सुधारला की वाचन आपोआप सुधारतं असं म्हणायला आधार नाही. तुमच्या बालवाडीतल्या बाईंनी असं काही छातीठोकपणे सांगितलं नाही, हे मला तरी त्यांच्या बाजूचं वाटलं.

पण काही धागे खरोखरच आहेत. बसण्याचंच घ्या. लिहायला बसलेलं एखादं मूल बघा: हळूहळू टेबलावर कलंडतं, डोकं डाव्या हातावर टेकतं, पाय खुर्चीला गुंडाळतं. आपण म्हणतो 'नीट बस'. त्याची पाठ आणि पोट धड उभं धरून थकलेलं असतं, आणि डावा हात कागद धरायचा सोडून टेकू द्यायला लागलेला असतो. लोळणं, चढणं, लोंबकळणं, बेडूकउड्या यांत याच स्नायूंना भरपूर काम मिळतं, तेही हसत-खेळत.

त्याहून महत्त्वाचं वाटतं ते थांबणं. 'स्टॅच्यू' खेळताना धावतं अंग एका हाकेसरशी रोखायचं असतं. ते सोपं नाही. चार वर्षांची मुलं हाक ऐकल्यावरही दोन पावलं पुढे जातात, मग खिदळत गोठतात. हा आवर घालण्याचा सराव वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबण्यासाठीही लागतोच. मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजायला संशोधक एक खेळ वापरतात: 'डोकं' म्हटलं की पायाची बोटं धरायची, 'पाय' म्हटलं की डोकं. तुम्हीही खेळून बघा, तुम्हीच आधी चुकाल. घाईने पळण्यापेक्षा अतिशय सावकाश चालणं अवघड असतं, हेही मुलांना खेळातच कळतं.

तिसरा धागा शब्दांचा. कडेकडेने, मधून, उलटं, अर्ध्यापर्यंत, आधी-नंतर, जवळजवळ हे शब्द पुस्तकातल्या चित्रात कोरडे असतात. टेबलाखालून सरपटत जाऊन खुर्चीच्या मागून बाहेर आलेल्या मुलाला ते अंगाला लागलेले असतात. तुम्ही फक्त सोबत बोलत राहा. अक्षरं गिरवणारी मुलं तुमच्या मुलाच्या पुढे गेलीत असं मुळीच समजू नका. साडेचार हे गिरवण्याचं वय नाही असंच माझं मत आहे, आणि ते बदलण्यासारखं काही मला दिसलेलं नाही.

घरी काय करायचं? वेळापत्रक तर करूच नका. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल आणि त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी, असं म्हटलंय. १८० ऐकून दचकू नका, मोकळं सोडलेलं मूल ते सहज पार करतं. अडचण येते ती आपण त्याला गाडीत, खुर्चीत आणि स्क्रीनसमोर बसवून ठेवतो त्यामुळे. जमिनीवर रंगीत टेपची एक लांब रेघ मारा आणि तिच्याकडे लक्ष देऊ नका. तो चालेल. मग एक दिवस तुम्ही टाचेला अंगठा लावत चाला. दुसऱ्या दिवशी उलटं. कधी हात पाठीमागे बांधून, कधी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन (सांडणार, पोतेरं त्याच्याच हातात द्या), कधी दोन पावलं डोळे मिटून. डोळे मिटले की तो सगळ्यात लाडका बातमीदार गप्प होतो आणि कान-स्नायूंना बोलावं लागतं. उशांवरून चालणं हा त्याचाच भाऊ, कारण मऊ पृष्ठभागावर तळव्यांची बातमी धूसर होते.

गिरक्यांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. गिरकी थांबली तरी कानातला द्रव थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून खोली फिरते आणि मूल हसत कोसळतं. मुलांना हे आवडतं, करू द्या, मोकळ्या जागेत. फक्त गती त्याच्या ताब्यात असावी. मोठ्या माणसाने धरून गरागरा फिरवणं आणि 'पुरे' म्हटल्यावरही चालू ठेवणं यात काही मजा नाही. चेहरा पांढरा पडला, घाम आला की तिथेच थांबायचं.

एक गोष्ट तुम्हाला लवकरच दिसेल. रेघ जमली की तो ती स्वतःहून अवघड करेल. डोक्यावर उशी ठेवेल, बहिणीला वाटेत बसवेल, नियम बदलेल. तेव्हा सुचवू नका, सुधारू नका. काठिण्य कुठे ठेवायचं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं कळतं.

क्लासचं थोडक्यात. त्याला हौस असेल तर घाला, कमतरता भरून काढायला म्हणून नको. आधी एक तास बाहेर बसून बघा. मुलं रांगेत उभी राहून पाळीची वाट बघण्यातच अर्धा वेळ घालवत असतील तर घरची रेघ बरी.

आणि खरंच कधी दाखवायला हवं तेही सांगते, म्हणजे बाकीची काळजी सोडता येईल. आधी जमत होतं ते जमेनासं झालं. पडणं दिवसेंदिवस वाढतंय, किंवा चाल अचानक बदललीय. सतत एकाच बाजूचा हात-पाय वापरतो, दुसरी बाजू मागे राहते. तीन वर्षांनंतरही बहुतेक वेळ चवड्यांवरच चालतो. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत, चढत उठतो. तोल जाण्याबरोबर डोकेदुखी आणि उलट्या आहेत, हे असेल तर त्याच दिवशी. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. वारंवार सर्दी-कानदुखी होत असेल तर तेही सांगा, कारण पडद्यामागे साठलेल्या पाण्याने काही मुलांचा तोल बिघडतो, आणि डोळेही तपासून घ्या. जाण्याआधी मोबाईलवर त्याच्या चालण्या-पळण्याचा, जमिनीवरून उठण्याचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांनी 'चालून दाखव' म्हटलं की मुलं आईच्या मांडीत तोंड खुपसतात.